असाहेलने न टाकलेलं पाऊल

नॉर्मंड लाफ्लामच्या डाव्या पायाला चारच बोटं आहेत. पाचवं एका पुस्तकाने नेलं.

तेव्हा तो चौथीत होता. मिस टारबॉक्सबाई रोज जेवणाच्या सुट्टीआधी वर्गाला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं एक जाडजूड पुस्तक वाचून दाखवायच्या. त्यात एक चित्र होतं. जनरलचे सैनिक अनवाणी बर्फातून चाललेत आणि मागे रक्ताचे ठसे उमटलेत. बाकीच्या पोरांनी चित्र बघितलं आणि जेवणाचे डबे उघडले. नॉर्मंड घरी गेला, बूट-मोजे काढले आणि जानेवारीच्या बर्फातून गिरणीच्या वसाहतीपासून नदीवरच्या पुलापर्यंत चालत गेला. परत येताना त्याला पाय आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. आईने आधी पाय कोमट पाण्यात बुडवले, मग त्याला बदडलं.

"कुणी सांगितलं होतं रे हे उद्योग?"

"जनरलने," तो म्हणाला.

त्याचे आजोबा कॅनडातल्या क्वेबेकहून वेस्ट पेल्टनच्या सूतगिरणीत कामाला आलेले. घरात फ्रेंच बोलायचे. त्या युद्धात त्यांच्या घरचं कुणीही नव्हतं, असलंच तर विरुद्ध बाजूला असेल. वर्गातल्या निम्म्या पोरांना देशभक्ती पणजोबाच्या पणजोबाकडून आयती मिळाली होती. नॉर्मंडला ती पुस्तकातून शिकावी लागली, आणि फी म्हणून गारठून काळं पडलेलं एक बोट द्यावं लागलं.

"गंमत सांगू का," तो मला एकदा म्हणाला, "चित्रातले सगळे सैनिक समोर बघत होते. पायांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी तर अख्खा वेळ पायांकडेच बघत होतो. तेव्हाच शंका यायला हवी होती."

शंका यायला त्याला पासष्ट वर्षं लागली.

मधल्या काळात त्याने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. मी त्याच बसने शाळेत गेले. सकाळी पोरांना सोडलं की तो बस वाहनतळाच्या कडेला लावायचा आणि स्टीअरिंगवर पुस्तक टेकवून वाचत बसायचा. पुस्तक दरवेळी वेगळं, पण दिसायला तेच. वर घोड्यावर बसलेला जनरल, मागे तांबूस आभाळ, सोनेरी अक्षरं, आणि वजन असं की चोराच्या डोक्यात घातलं तर चोर आडवा. त्याच्या दोन्ही मुली दर नाताळला आणि दर जूनमध्ये वडिलांच्या दिवसाला एकेक पुस्तक द्यायच्या. त्यांना दुसरं काही सुचायचं नाही आणि त्याला दुसरं काही नको असायचं. दिवाणखान्याची एक भिंत अशी भरली. सिमोन, त्याची बायको, त्या भिंतीला 'माझी सवत' म्हणते.

"एकाच लढाईची चौदा पुस्तकं, नॉर्म. चौदा! दर वेळी निकाल तोच लागतो ना?"

"आतापर्यंत तरी."

ती पुस्तकं नॉर्मंडला मनापासून आवडायची. त्यातली माणसं कधी दमत नसत. म्हणजे उपाशी असत, गारठत, मरतही, पण 'आता बास झालं' असं कुणी म्हणत नसे. जो म्हणे त्याला लेखक अर्ध्या ओळीत उरकायचा, 'काही जण निघून गेले', की लगेच नवा परिच्छेद आणि पुन्हा जनरल. नॉर्मंडने त्या अर्ध्या ओळी कधी वाचल्याच नाहीत. डोळा त्यांच्यावरून आपोआप घसरतो, हे त्याचंच म्हणणं.

आमच्या गावात सगळी कामं सहा माणसं करतात. अग्निशमन दलाचं रात्रीचं जेवण असो, चार जुलैला स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक असो, वाचनालयाची जुन्या पुस्तकांची विक्री असो की सैनिकांच्या कबरींवर झेंडे लावणं असो, तीच सहा. त्यातली तीन गेल्या चार वर्षांत वारली. उरलेल्या तिघांत एक नॉर्मंड, आणि त्यांची म्होरकी हेस्टर व्हीलॉक. हेस्टर एक्याऐंशीची. आमच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, म्हणजे गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी कोपऱ्यात उभं केलंय. 'नाही' हा शब्द तिला ऐकू येत नाही. नॉर्मंड कधी म्हणाला, "हेस्टर, या वर्षी खुर्च्या दुसऱ्या कुणाला लावायला सांग, गुडघे गेलेत माझे," की ती चष्म्यावरून बघायची.

"त्यांच्या पायांत जोडे नव्हते, नॉर्मंड."

झालं. नॉर्मंड खुर्च्या लावायला निघायचा. चार बोटांच्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते तिला बरोबर ठाऊक होतं.

या सगळ्यात तिचा जीव होता तो दफनभूमीतल्या फेरीत. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी गावातली माणसं जुने कपडे घालून एकेका कबरीशेजारी उभी राहतात आणि तिथल्या मेलेल्याच्या तोंडचं भाषण करतात. गिरणीची मालकीण, पहिला डॉक्टर, पुरात गेलेला पाद्री. लोक कबरीकबरीने पुढे सरकत ऐकतात आणि शेवटी चर्चच्या तळघरात बीन्स आणि काळा पाव खातात. फेरीतली शेवटची कबर शिपाई असाहेल व्हीलॉकची. हेस्टरच्या पणजोबाच्या आजोबांची. आणि असाहेल म्हणून एकोणीस वर्षं उभा राहिलेला माणूस नॉर्मंड लाफ्लाम, कारण व्हीलॉक घराण्यात आता उभं राहायला कुणी उरलं नव्हतं आणि भाषणाचा निळा सैनिकी कोट नॉर्मंडला बसत होता.

भाषण हेस्टरने लिहिलेलं. नॉर्मंडच्याच भिंतीवरचं एक पुस्तक नेऊन लिहिलेलं. वर्ष सरत आलंय, सैनिकांची मुदत संपतेय, उद्यापासून सैन्य रिकामं होणार. जनरल घोड्यावरून येतो आणि म्हणतो, अजून सहा आठवडे थांबा, थांबणाऱ्याने ढोल वाजताच एक पाऊल पुढे यावं. ढोल वाजतो. कुणी हलत नाही. जनरल पुन्हा विनवतो. पुन्हा ढोल वाजतो. "आणि तेव्हा," नॉर्मंड दर वर्षी म्हणायचा, "माझ्या शेजारच्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मी एक पाऊल पुढे टाकलं." असं म्हणून तो खरोखर पाऊल टाकायचा, डावं, चार बोटांचं. ढोल वाजवायला मी. आधी शाळकरी पोरगी म्हणून वाजवला, मग शहरातून नाटक शिकून परत आल्यावर शाळेची नाटकबाई म्हणून. त्या पावलाला माझ्याही अंगावर काटा यायचा, हे कबूल करते.

त्या पुस्तकात असाहेलचं नाव नव्हतं. पण पुढे आलेल्यांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. म्हणजे असाहेल त्यात असायला हरकत नव्हती. आमच्याकडे वंशावळी अशाच भरल्या जातात. जिथे रिकामी जागा आणि मोठी घटना शेजारीशेजारी दिसतात, तिथे आपला माणूस बसवायचा.

या वर्षी देशाला अडीचशे वर्षं झाली. हेस्टरने जानेवारीतच यादी काढली. मे महिन्यात फेरी, जूनमध्ये झाड लावणं, नकाशांचं प्रदर्शन, मुलांसाठी तंबूंचा सैनिकी तळ, जुलैत मिरवणूक. प्रत्येक कामापुढे 'नॉर्मंड' लिहिलं होतं. फक्त केकपुढे 'सिमोन'.

सिमोनने यादी वाचली आणि फ्रिजवरच्या चुंबकाखाली एक कागद लावला. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्यामुळे पुढचं मला जिन्यात ऐकू आलं.

"हे काय?" नॉर्मंड म्हणाला.

"सेंट लॉरेन्सच्या काठावरची खोपटी. माझ्या मावसभावाची. एक जूनपासून अडीच महिने. चाळीस वर्षं आपण जाणार आहोत तिथे. तू निवृत्त झालास की जाऊ, म्हणालास. झालास. मग दोनशेचाळीसावं वर्ष होतं गावाचं. मग चर्चचं छत. मग महामारी. मग हेस्टरचा नवा खुबा."

"या वर्षी तर—"

"या वर्षी मी एक जूनला सकाळी सातला गाडीत बसणार. स्टीअरिंगवर तू असलास तर उत्तम. नसलास तर मी चालवीन."

"तुला महामार्गावर भीती वाटते, सिमोन."

"हो. मग घाबरत घाबरत जाईन."

ती अठ्ठ्याहत्तरची आहे. डोळ्यांतला मोतीबिंदू नुकताच काढलेला. नॉर्मंड त्या रात्री झोपला नाही असं काही नाही, तो कुठेही झोपतो, बस ड्रायव्हर आहे. पण सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवताना मला भेटला आणि म्हणाला, "मी दमलोय गं. हे सांगायची पण लाज वाटते. त्या लोकांच्या पायांत जोडे नव्हते."

"तुझ्या पायांत आहेत ना," मी म्हणाले. "आणि तेही झिजलेत."

त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

एप्रिलमध्ये वाचनालयातल्या वांडाने त्याला बोलावलं. वांडा सोबोलेव्स्की कागदात तोंड खुपसून बसणारी बाई. तिने आनंदाने एक गठ्ठा पुढे केला.

"तुझा असाहेल सापडला! निवृत्तिवेतनाच्या अर्जाची नक्कल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्यायाधीशासमोर शपथेवर सगळं सांगितलंय त्याने. लिहिता येत नव्हतं, कारकुनाने उतरवून घेतलंय. म्हटलं, अडीचशेव्या वर्षाला तुझ्या भाषणात एखादं त्याचं स्वतःचं वाक्य घालता येईल."

नॉर्मंडने तिथेच उभं राहून वाचलं. मग बसून वाचलं. मग खिशातून दुसरा चष्मा काढला.

ते पान मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ आहे. 'नववर्षाला माझी मुदत संपली. जनरलसाहेबांनी आम्हाला अजून थांबण्याची विनंती केली व ढोल वाजवला. मी थांबलो नाही. मी अकरा महिने होतो. माझ्याकडे मोजे नव्हते व मला हगवण होती. मी नऊ दिवस चालत घरी आलो. वाटेत एका बाईने कोठारात झोपू दिलं. तिचं नाव मी विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढल्या उन्हाळ्यात मी भावाच्या जागी तीन महिने पुन्हा गेलो, कारण त्याची बायको बाळंत झाली होती. त्यानंतर दोन वर्षांनी दोन महिने बैलगाडीने सैन्याला पीठ पोचवलं. लढाई मी एकच पाहिली व तीत धूर फार होता.'

"बैलगाडी," नॉर्मंड म्हणाला.

"पुढचं वाच," वांडा म्हणाली, "शेवटी अंगठा उठवलाय."

"बैलगाडी, वांडा! तो गाडीवान होता. आमच्या धंद्यातला!"

वांडाला वाटलं तो खूश झाला. तो झालाही होता. पण घरी येऊन तो भिंतीसमोर उभा राहिला आणि एकेक पुस्तक काढून मागच्या सूचीत 'बैल' शोधू लागला. मग 'पीठ'. मग 'मोजे'. मग 'घरी गेलेले'. जनरलच्या घोड्याचं नाव सगळ्यांत होतं. जनरलच्या दातांना एका पुस्तकात चार पानं होती. जेवणाच्या वेळेपर्यंत जमिनीवर पुस्तकांचा ढीग झाला.

"सवतीला घराबाहेर काढतोयस की काय?" सिमोन म्हणाली.

"सिमोन, हा माणूस घरी गेला."

"कोण?"

"असाहेल. मुदत संपली, घरी गेला. मग भावाची बायको बाळंत झाली, पुन्हा गेला. मग पुन्हा घरी. मग पीठ पोचवलं, घरी. असा तो येऊन-जाऊन होता. आणि एकोणीस वर्षं मी त्याला त्या बर्फात उभा करून ठेवलाय."

सिमोनने सूप वाढलं. "बिचारा," ती म्हणाली. "त्याची बायको काय म्हणत असेल."

"तेव्हा लग्न नव्हतं झालं. आई होती."

"मग आई काय म्हणत असेल."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन हेस्टरकडे गेला. एकट्याला धीर होईना म्हणून मला घेऊन गेला, 'ढोलाबद्दल बोलायचंय' अशा बहाण्याने. हेस्टरने काकवीची बिस्किटं ठेवली, कॉफी ओतली आणि कागद वाचला. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला, जणू पत्ते.

"म्हातारपणी माणसं काहीही बोलतात."

"शपथेवर बोललाय, हेस्टर. न्यायाधीशासमोर."

"त्याला आठवत नसेल."

"त्या बाईचं नाव विचारलं नाही, हे आठवतंय त्याला."

हेस्टर खिडकीकडे बघत राहिली. "माझी आजी मला त्या कबरीवर न्यायची. म्हणायची, इथे असा माणूस झोपलाय जो पुढे आला. सगळे मागे होते आणि हा पुढे आला. मी सहा वर्षांची होते. आयुष्यभर जिथे जिथे कुणी पुढे येत नव्हतं तिथे मी आले, नॉर्मंड. शाळा बंद पडत होती तेव्हा. गिरणी जळली तेव्हा. तुला वाटतं मी दमत नाही?"

"मला तसं कधी वाटलं नाही."

"मग?"

"मग आपण दोघं दमलोय, एवढंच. या वर्षी मी हे वाचणार आहे."

"या वर्षी? टीव्हीवाले येणार आहेत. राज्याच्या विधानसभेतला तो माणूस येणार आहे, त्याला मी तिसरीत नापास केला होता तरी येणार आहे. या वर्षी जुनं म्हण. पुढच्या वर्षी बैलांसकट काय वाटेल ते म्हण."

"पुढच्या वर्षीचं बघू. एक जूनला मी जातोय, हेस्टर. सिमोनबरोबर. ऑगस्टपर्यंत."

हेस्टरने चष्मा खाली केला. मला माहीत होतं काय येणार. त्यालाही माहीत होतं. तो बिस्किटाचा तुकडा हातात धरून बसला होता, शाळकरी पोरासारखा.

"आणि चार जुलै? मुलांचा तळ? नॉर्मंड, त्यांच्या पायांत जोडे नव्हते."

"हो," नॉर्मंड म्हणाला. "म्हणूनच तो घरी गेला."

हेस्टरने बिस्किटांची ताटली उचलून झाकून ठेवली.

"जुनं म्हणायचं," ती म्हणाली. "आणि तू," ती माझ्याकडे वळली, "ढोल नीट ताण. गेल्या वर्षी पातेलं वाजवल्यासारखा वाजत होता."

परत येताना गाडीत नॉर्मंड पुलाजवळ म्हणाला, "बघ, जुनं म्हटलं तरी काय बिघडतंय? एक दिवस. मग निघू." आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "पण जुनं म्हटलं की मी जाणार नाही. मी ओळखतो मला. ते पाऊल टाकलं की मी चार जुलैपर्यंत पुढे पुढेच जात राहणार."

फेरीच्या दिवशी ऊन होतं आणि माश्या होत्या. नॉर्मंडने सकाळी चाळीस खुर्च्या असाहेलच्या कबरीसमोर लावल्या, दर वर्षीसारख्या, एकट्याने. त्यातल्या एका खुर्चीची बिजागरी अडकते, तिला गुडघा लावून उघडावी लागते आणि गुडघा लावूनच मिटावी लागते. तो ती नेहमी टोकाला ठेवतो. सिमोन दफनभूमीच्या फाटकाबाहेर गाडीत बसून राहिली. गाडी भरून तयार होती. एक जून सोमवारी होता, पण ती म्हणाली, सरावाला बसते.

चारच्या सुमाराला लोक आले. टीव्हीवाला एकच आला आणि त्याने गिरणीच्या मालकिणीचं जास्त चित्रण केलं कारण तिचा झगा चांगला होता. शेवटी सगळे असाहेलपाशी जमले. पुढच्या खुर्च्यांवर चौथीचा वर्ग. त्यांना भाषण पाठ होतं. दर वर्षी कुणाचा तरी मोठा भाऊ ऐकून आलेला असतो. नॉर्मंड निळ्या कोटात घामेजलेला.

"माझं नाव असाहेल व्हीलॉक," त्याने सुरुवात केली. जुनीच. मी हेस्टरकडे पाहिलं. तिने मान हलवली. थंडी झाली, भूक झाली. जनरल घोड्यावरून आला. "म्हणाला, अजून सहा आठवडे थांबा." मी ढोल वाजवला. "कुणी हललं नाही." पोरांनी ओठांनी साथ दिली. जनरल पुन्हा म्हणाला. मी पुन्हा ढोल वाजवला, नीट ताणलेला.

"माझ्या शेजारच्याने माझ्याकडे पाहिलं," नॉर्मंड म्हणाला. "मी त्याच्याकडे पाहिलं."

आणि थांबला.

नाटकात आम्ही म्हणतो, शांतता तीन मोजेपर्यंत तुमची, पुढे ती प्रेक्षकांची. मी सात मोजले. पुढच्या रांगेतली एक मुलगी कुजबुजली, "विसरला." हेस्टर आपल्या खुर्चीवर अर्धी उठली.

"पाऊल, नॉर्मंड!"

त्याने पायांकडे पाहिलं. कितीतरी वेळ पायांकडेच पाहिलं.

"मी पाऊल टाकलं नाही," तो म्हणाला. आवाज भाषणाचा नव्हता. बसमध्ये मागच्या पोरांना 'खाली बसा रे' म्हणायचा तो, थकलेला, रागावलेला नसलेला. "माझ्याकडे मोजे नव्हते आणि मला हगवण होती." पोरं खिदळली. तो थांबला नाही. नऊ दिवस, कोठार, नाव न विचारलेली बाई, भावाचं बाळ, बैल, पीठ, धूर. कागद खिशात होता, त्याने काढला नाही.

संपलं तेव्हा टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळलं नाही. मग ज्या मुलीने 'विसरला' म्हटलं होतं तिने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"मग तुमच्या कबरीवर झेंडा का लावतात?"

लोक नॉर्मंडकडे बघू लागले. तो असाहेल म्हणून उत्तर देणार की नॉर्मंड म्हणून, हे बहुतेक त्यालाही ठरवता येईना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी गाडी चालवायचो. जायचो आणि यायचो. मला वाटतं, त्या गाडीतलं पीठ कुणीतरी खाल्लं असेल." त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. "आता खाली जा, बीन्स थंड होतील."

विधानसभेतला माणूस हेस्टरचा हात हातात घेऊन 'फारच हृद्य' असं काहीतरी म्हणाला. बीन्सच्या नावाने दफनभूमी झटक्यात रिकामी झाली. मला तळघरात वाढायला बोलावत होते, पण मी ढोलाचे पट्टे सैल करण्याच्या निमित्ताने रेंगाळले.

नॉर्मंड खुर्च्या मिटायला लागला. सवय. एक मिटली, दुसरी मिटली. हेस्टर टोकाच्या खुर्चीवर बसूनच होती. फाटकाबाहेरून सिमोनने हॉर्न वाजवला. एकदाच, छोटा.

"नऊ दिवस म्हणालास?" हेस्टरने विचारलं.

"नऊ."

"डिसेंबरातून."

"जानेवारी. एक तारखेला निघाला."

"घरी पोचल्यावर आईला काय म्हणाला असेल?"

"ते कागदात नाही."

हेस्टरने कबरीवरचा छोटा झेंडा सरळ केला, तो सरळच होता. "माझी आजी खोटं बोलली नसेल," ती म्हणाली. "तिलाही कुणीतरी सांगितलं असेल."

"हो."

"तू मला माफी मागायला लावणार आहेस का?"

"नाही गं बाई."

"बरं. कारण मी मागणार नाही." तिने त्याच्या हातातल्या खुर्चीकडे पाहिलं. "ठेव ती. घरी जा, नॉर्मंड."

"अजून अडतीस आहेत."

"मला मोजता येतं. तुला मीच शिकवलंय."

"मला मिस टारबॉक्सने शिकवलंय."

"मग तिचंच चुकलं सगळं," हेस्टर म्हणाली. "जा म्हटलं ना."

त्याने खुर्ची ठेवली. निळा कोट काढून नीट घडी केली आणि त्या खुर्चीवर ठेवला. मग लंगडत नाही पण लंगडल्यासारखा, नेहमीचा, फाटकाकडे गेला. सिमोन सरकून शेजारच्या जागेवर बसली. ती नंतर मला म्हणाली की तिला वाटलं होतं तो येणार नाही. तिने गाडीची किल्लीही फिरवून ठेवली होती.

पुढचं मला सिमोननेच नदीकाठच्या त्या खोपटीतून फोनवर सांगितलं. गाडी निघताना ती त्याला म्हणाली, "मागे वळून बघू नकोस हं." त्याने वळून पाहिलं नाही. पण चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. आरशात बघितल्याशिवाय त्याला गाडी हलवताच येत नाही.

आरशात हेस्टर उठली होती. टोकाची, अडकणारी खुर्ची तिने उचलली, मिटायचा प्रयत्न केला, मिटेना. तिने गुडघा लावला. नव्या खुब्याच्या बाजूचा.

नॉर्मंडचा पाय ब्रेकवर गेला.

"नॉर्म," सिमोन म्हणाली.

मी तेव्हा हेस्टरजवळ पोचले होते, पण मधल्या उंच थडग्याआड असल्याने फाटकातून मी दिसत नव्हते. त्याला ते माहीत नव्हतं. त्याला आरशात एक्याऐंशीची बाई आणि अडतीस खुर्च्या दिसत होत्या. सिमोन म्हणते तो बराच वेळ तसाच बसला, इंजिन चालू.

मग त्याने ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी पुढे सरकली.